कानांनीं वाचलेलें गद्य

ग्रंथावर टीका लिहावयास बसलेला मनुष्य ग्रंथकाराविषयीं पुष्कळ बोलतो, ग्रंथाविषयीं त्याहूनहि अधिक बोलतो. परंतु ज्या इंद्रियाच्या द्वारें तो ग्रंथ त्याच्या अंतःकरणांत उतरला, त्या इंद्रियाविषयीं तो एक अक्षरहि लिहीत नाहीं. डोळे आहेत हें तो गृहीत धरून चालतो. प्रस्तुत लेखकानेंहि आयुष्याचीं चाळीस वर्षें असेंच गृहीत धरिलें. आज ती सोय त्याला उरलेली नाहीं. आणि म्हणून नेहमींप्रमाणें एखाद्या ग्रंथाचें परीक्षण न करितां, एका नव्या वाचकाच्या गुणदोषांचें विवेचन या लेखांत करण्याचें त्यानें योजिलें आहे. हा वाचक मनुष्य नव्हे. संगणकाच्या पडद्यावर किंवा हातांतल्या मोबाईलवर असलेला मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी ती एक यांत्रिक योजना आहे. ‘स्क्रीन रीडर’ हें तिचें इंग्रजी नांवच आपल्याकडे रूढ झालें आहे. मी सोयीसाठीं तिला यंत्रवाचक म्हणतों.

यंत्रावर टीका ती कसली लिहावयाची, असा आक्षेप येथें कोणी घेईल. शिवण्याच्या यंत्राचें गुणदोषविवेचन वाङ्मयविषयक मासिकांत कोणी छापीत नाहीं. मग वाचण्याच्या यंत्राचें कां छापावें? याचें उत्तर असें कीं, वाचून दाखविणारा, मग तो मनुष्य असो वा यंत्र असो, ग्रंथ आणि श्रोता यांच्यामध्यें उभा राहतो. त्याचा स्वर, त्याचा विराम, त्याची चूक, हीं सर्व ग्रंथाच्या अंगाला चिकटून श्रोत्याकडे येतात. ज्या मनुष्याला यापुढें बहुतेक ग्रंथ या एकाच मध्यस्थामार्फत भेटणार, त्यानें त्या मध्यस्थाची पारख न करितां ग्रंथांविषयीं मत देणें हा उतावळेपणा होय. तो उतावळेपणा माझ्या हातून एकदां घडला आहे. त्याची कबुली पुढें योग्य स्थळीं देईन.

प्रथम माझ्या स्थितीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा ऱ्हास करणाऱ्या रोगानें माझी दृष्टि गेलीं सहा वर्षें क्षीण होत आली आहे. मी अंध नाहीं. रस्त्यानें चालतों, ओळखीच्या माणसाला चालीवरून ओळखतों, खिडकीबाहेरचें झाड मला दिसतें. परंतु छापील ओळीकडे पाहिलें म्हणजे ज्या शब्दावर नजर ठेवावी नेमका तोच शब्द धुक्यांत नाहींसा होतो, आणि ज्यांच्याकडे मी पाहत नाहीं ते आजूबाजूचे शब्द मात्र कडेला उभे असलेले जाणवतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीं २०१६ सालीं झालेल्या भारतीय कायद्यांत या स्थितीला अल्पदृष्टि असें म्हटलें असून, चष्मा लावूनहि चांगल्या डोळ्याची दृष्टि ६/१८ पासून ३/६० पर्यंत उतरली असेल तर तो मनुष्य या वर्गांत मोडतो. म्हणजे निरोगी मनुष्य जें अक्षर अठरा मीटरांवरून वाचतो तें याला सहा मीटरांवरून, आणि रोग बळावल्यावर साठ मीटरांवरचें अक्षर तीन मीटरांवरून, ओळखतां येतें. या स्थितींतील मनुष्याची मोठी अडचण अशी कीं जगाला ती दिसत नाहीं. पूर्ण अंधाला लोक हात देतात. अल्पदृष्टीच्या मनुष्याला ‘एवढें चालतां फिरतां, मग वाचवत कसें नाहीं?’ असें विचारतात.

आतां या यंत्राच्या कुळाविषयीं. अंधांसाठीं ग्रंथ ध्वनिमुद्रित करण्याची योजना इंग्लंडांत १९३५ सालीं सुरू झाली. परंतु त्या तबकड्यांवरील आवाज मनुष्याचा होता, आणि दुसऱ्यानें निवडून ध्वनिमुद्रित केलेला ग्रंथच तेवढा ऐकावयास मिळे. कोणतेंहि छापील पान पुढें ठेवावें आणि यंत्रानें तें वाचावें, ही गोष्ट रे कर्झवाइल या अमेरिकन संशोधकानें १९७६ सालीं लोकांपुढें मांडिलेल्या यंत्रानें प्रथम साध्य झाली. त्यानंतर संगणक घरोघर आले. टेड हेंटर या गृहस्थाचा जॉज नांवाचा यंत्रवाचक १९८९ सालीं बाहेर पडला. मायकेल कुरान या ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं एनव्हीडीए रचण्यास आरंभ केला आणि तो सर्वांस फुकट दिला. हे दोघेहि स्वतः दृष्टिहीन, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें हीच सोय मोबाईलमध्येंहि येऊं लागली. आणि आज मराठी वाचणारा आवाज ज्याच्या खिशांत नाहीं असा मोबाईलधारी मनुष्य विरळा, मग त्याला त्याची खबर असो वा नसो.

या यंत्राकडून ऐकणें म्हणजे वाचणें होय काय, हा पहिला प्रश्न. पुष्कळ सुशिक्षित माणसें या प्रश्नाला ‘नाहीं’ असें उत्तर देतात. त्यांच्या मतें ऐकणें हें सोपें, आळशी आणि उसनें काम. खरें वाचन तें डोळ्यांचें. मला वाटतें, हें उत्तर देणाऱ्यांनीं आपल्याच आजीला विचारावें. चातुर्मासांत देवळाच्या ओसरीवर हरिविजय किंवा पांडवप्रताप लागे, तेव्हां पोथी एकाच्या हातांत असे आणि ग्रंथ पन्नासांच्या मनांत उतरे. ज्ञानेश्वरींत ज्ञानदेव ठिकठिकाणीं बोलतात ते श्रोत्यांशीं. एकट्यानें, ओठ न हालवितां, पुस्तकांत डोळे घालून बसण्याची रीति आपल्याकडे सार्वत्रिक झाली ती छापील पुस्तकें स्वस्त झाल्यावर. आणि कांहीं पिढ्यांच्या या रीतीलाच वाचनाचें एकमेव स्वरूप समजणें म्हणजे आपल्या वाङ्मयाचा अर्ध्याहून अधिक इतिहास पुसून टाकणें होय.

परंतु हा दाखला देऊन मी सुटत नाहीं. कारण त्याला एक खोंच आहे. पोथी सांगणारा पुराणिक अर्थ जाणत होता. कठीण ओवी आली कीं तो थांबे, उलगडून सांगे, श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहून पुढें जाई. माझा यंत्रवाचक कांहींच जाणत नाहीं. यास्काचार्यांनीं निरुक्तांत, अर्थ न जाणतां नुसता वेद पाठ करणाऱ्याला ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. ती या यंत्रास अक्षरशः लागू पडते. मिल्टन कवीचा दाखला तर याहून जवळचा आहे. १६५२ च्या सुमारास तो पूर्ण अंध झाला. पुढें त्याच्या मुली त्याला ग्रीक, लॅटिन, हिब्रू अशा भाषांतील ग्रंथ वाचून दाखवीत. आणि त्यांना त्या भाषांचे उच्चार तेवढे शिकविलेले होते, अर्थ नव्हे, असें त्याच्या भाच्यानें १६९४ सालीं लिहून ठेविलें आहे. त्या मुलींना तें काम किती जाचक झालें असेल याची कल्पना सहज करतां येते. परंतु बापाच्या बाजूनें पाहिलें तर प्रश्न असा उरतो कीं, अर्थ न जाणणाऱ्या मुखांतून ऐकलेला होमर त्याच्या कानीं होमरच राहिला कीं नाहीं? राहिला असें मानावें लागतें. कारण अर्थ जाणण्याचें काम त्यानें आपल्याकडेच ठेविलें होतें.

अर्थ जाणणारा वाचक नेहमींच अधिक चांगला, असेंहि म्हणवत नाहीं. याविषयीं माझा एक अनुभव सांगतों. माझ्या एका जुन्या स्नेह्याचें पत्र मागल्या वर्षीं ई-मेलनें आलें. नात जवळच होती. तिनें तें वाचून दाखविलें. प्रकृतीची चौकशी, गांवाकडची हकीकत, आणि शेवटीं नमस्कार. ‘एवढेंच आहे हो, आजोबा,’ असें म्हणून ती उठली. चार दिवसांनीं कांहीं तारीख पाहण्यासाठीं तेंच पत्र मीं यंत्राकडून वाचवून घेतलें. तों नमस्काराच्या अगोदर तीन वाक्यें निघालीं. माझ्या अलीकडच्या परीक्षणांत पुस्तकाचा पोत लागत नाहीं, पुस्तक वाचतोस कीं नुसतें चाळतोस, असें त्या स्नेह्यानें सरळ विचारिलें होतें. मुलीनें तीं वाक्यें माझ्यावरील मायेनें गाळलीं होतीं. तिला मी कधीं बोललों नाहीं. पण त्या दिवशीं मला कळलें कीं समजून वाचणारा मनुष्य दया करितो, आणि दया करणारा वाचक ग्रंथकाराशीं प्रामाणिक राहीलच असें नाहीं. यंत्राला दया नाहीं, लाज नाहीं, कंटाळा नाहीं. तें दुसऱ्याचें खासगी पत्र वाचतांना अवघडत नाहीं, आणि रात्रीं दोन वाजतां उठवलें तर कुरकुरत नाहीं. दृष्टि गेलेल्या मनुष्याला हा किती मोठा आधार आहे तें, आपलीं पत्रें दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी ज्यावर आली आहे, तोच जाणेल.

एवढा गौरव केल्यावर आतां दोष सांगण्यास हरकत नाहीं. आणि मराठीचा वाचक या नात्यानें या यंत्राचे दोष थोडे नाहींत. पहिला दोष आपल्या लिपीच्या एका जुन्या उणिवेंतून उद्भवतो. च, ज आणि झ या अक्षरांचे मराठींत दोन दोन उच्चार आहेत. चिन्ह मात्र एकच. ‘चार दिवस’ यांतला च निराळा आणि ‘गुरांचा चारा’ यांतला निराळा. ‘माझा’ यांतला झ निराळा आणि ‘माझी’ यांतला निराळा. मराठी मनुष्य हे भेद आईच्या मांडीवर शिकतो. यंत्राला ते शिकवावे लागतात, आणि जेथें शब्द एकसारखा लिहिला जातो तेथें शिकवणेंहि फिकें पडतें. ‘जरा’ म्हणजे थोडें, आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. ‘जरा थांबा’ हे शब्द माझ्या यंत्राच्या तोंडून असे येतात कीं म्हातारपणालाच कोणी थांबण्याची आज्ञा करीत आहे असें वाटावें. या वयांत ती सूचना मला नापसंत नाहीं, परंतु ती ग्रंथकाराची नव्हे.

दुसरा दोष अकाराचा. आपण ‘करमणूक’ लिहितों आणि म्हणतों मात्र ‘कर्‌मणूक’. कोणता अकार उच्चारावा आणि कोणता गिळावा याचे नियम आपल्या जिभेला ठाऊक आहेत. यंत्र ते बऱ्याच अंशीं शिकलें आहे, पण ‘जनगणना’, ‘रसग्रहण’, ‘वनभोजन’ अशा सामासिक शब्दांत सांधा कोठें आहे हें त्यास उमगलें नाहीं म्हणजे शब्द भलत्याच ठिकाणीं मोडतो. तिसरा दोष अनुस्वाराचा. ‘संवाद’, ‘संयम’, ‘सिंह’ यांतले अनुस्वार आपण पुढील अक्षराच्या वळणानें नाकांत बोलतों. यंत्र तेथें ठळक नकार ठोकून देतें. १९६२ सालीं महाराष्ट्र शासनानें मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मान्य केले, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार तेव्हांपासून मराठींतून रजेवर गेले. मी मात्र जुन्या वळणाचा मनुष्य. माझ्या हातून ते सुटत नाहींत. त्याचें प्रायश्चित्त असें कीं, स्वतःचाच लेख यंत्राकडून वाचून घेतों तेव्हां माझें प्रत्येक ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ पडसें झालेल्या मनुष्यासारखें गुणगुणत बाहेर पडतें. बासष्टच्या सुधारकांची बाजू मला इतकी कधींच पटली नव्हती.

जुन्या पुस्तकांच्या छायाचित्रांवरून अक्षरें ओळखण्याची जी युक्ति आहे, तिनें आणखी गोंधळ घालून ठेविला आहे. तेथें जुन्या टंकांतला ख फुटून ‘रव’ होतो, घ आणि ध एकमेकांच्या जागा घेतात. त्यामुळें आषाढांत घन बरसण्याऐवजीं धन बरसूं लागतें. पानाच्या डोक्यावर छापलेलें ग्रंथाचें नांव आणि पृष्ठांक वाक्याच्या मध्येंच येऊन पडतात. नायिका मरणशय्येवर शेवटचा शब्द उच्चारणार इतक्यांत ‘दोनशें सदतीस’ असें ऐकूं येतें. ‘ह. ना. आपटे’ यांतील प्रत्येक टिंबावर वाक्य संपलें असें समजून यंत्र सुस्कारा टाकतें. या चुका हास्यास्पद आहेत खऱ्या. पण त्या सवयीनें सुधारून घेतां येतात. चार आठवडे ऐकल्यावर श्रोत्याचा कानच मुद्रितशोधक बनतो.

सवयीनें भरून न निघणारी उणीव निराळी आहे. डोळ्यांनीं वाचणाऱ्यासमोर सबंध पान असतें. परिच्छेद कोठें संपतो, संवाद कोठें सुरू होतो, ग्रंथ किती उरला आहे, हें तो न पाहतांहि पाहत असतो. कानापुढें एका वेळीं एकच शब्द असतो, आणि तो गेला कीं गेला. मागें जातां येतें, अक्षर अक्षर करून ऐकतांहि येतें; पण तें अंधारांत भिंत चांचपण्यासारखें आहे. सुदैवानें अल्पदृष्टीच्या मनुष्यापाशीं थोडें भांडवल शिल्लक असतें. मी पडद्यावरील अक्षर बोटभर उंचीचें करून ठेवतों, आणि कान वाचीत असतां डोळ्यांनीं केवळ मजकुराची आकृति पाहतों. परिच्छेद लांब आहे कीं आंखूड, पुढें कविता आहे कीं गद्य, एवढें कळलें तरी कानाचें ओझें पुष्कळ हलकें होतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. हें यंत्र एकस्वरी आहे. कोणत्या शब्दावर जोर द्यावा हें त्यास कळत नाहीं; उद्गारचिन्ह पाहून तें स्वर थोडा चढवितें, एवढीच त्याची रसिकता. हा दोष खराच. पण टीकाकाराच्या दृष्टीनें त्यांत एक अनपेक्षित गुण आहे. ज्या वाक्याचा जोर वाक्याच्या रचनेंतच असतो, तें वाक्य या एकस्वरी वाचनांतूनहि सहीसलामत बाहेर येतें. ज्याचा जोर वाचकाच्या आवाजावर किंवा छपाईच्या सजावटीवर उभा असतो, तें कोसळतें. यंत्राच्या तोंडीं ग्रंथ देणें ही गद्याची एक कडक परीक्षा आहे, आणि तिचे निकाल मला तरी पुष्कळ शिकवून गेले.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी मीं तरुणपणीं डोळ्यांनीं वाचिली होती आणि यंदा कानांनीं वाचिली. यमूची ती साधी, आपल्याशींच बोलत असल्यासारखी कथनपद्धति यंत्राच्या कोरड्या आवाजांत जराहि उणी पडली नाहीं. उलट तिचा पोरकेपणा अधिकच झोंबला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चेंहि तेंच. त्यांचीं आंखूड वाक्यें बोलण्यांतून जशीच्या तशीं उचललेलीं असल्यामुळें, कोणीहि बोललीं तरी तीं लक्ष्मीबाईंचींच राहतात. ‘श्यामची आई’ हें पुस्तक भाबडें, रडविण्यासाठींच लिहिलेलें, असें हिणवणारा एक पंथ आहे, आणि तारुण्यांत मीहि त्या पंथाचा होतों. त्या पंथाच्या लोकांनीं हें पुस्तक एकदां यंत्राकडून ऐकावें. बेचाळीस रात्रींच्या त्या गोष्टी सांगतांना यंत्राचा कंठ एकदांहि दाटून येत नाहीं. तरी ऐकणाऱ्याचा येतो. म्हणजे जें रडें आपण लेखकाच्या स्वरांत आहे असें समजत होतों तें प्रसंगांतच होतें. माझें तरुणपणचें मत मीं या एका पुराव्यावर मागें घेतलें आहे.

चिपळूणकरांची गोष्ट थोडी निराळी. ‘निबंधमाले’तील लांबलचक वाक्य कानांनीं ऐकूं लागलों म्हणजे शेवटचें क्रियापद हातीं येईपर्यंत श्वास रोखून धरावा लागतो, आणि पहिल्या ऐकण्यांत तें निसटतेंच. परंतु दुसऱ्यांदा ऐकलें म्हणजे त्याचे सर्व सांधे पक्के आहेत असें आढळतें; दोष गद्याचा नव्हे, कानाच्या अल्प स्मरणाचा. गडकऱ्यांच्या नाटकांची मात्र या परीक्षेंत दैना होते. ‘एकच प्याला’तील भाषा नटाच्या जिभेसाठीं घडविलेली आहे, यंत्र प्रत्येक भाषणाआधीं पात्राचें नांव पुकारतें आणि मग ती अनुप्रासांची आतषबाजी हिशेबाच्या वहीसारखी वाचून टाकतें. यावरून गडकरी उणे ठरत नाहींत. ते रंगभूमीसाठीं लिहीत होते, आणि रंगभूमि येथें गैरहजर आहे, एवढेंच ठरतें. कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’त आणखी एक गंमत आहे. उपरोधाचा स्वर यंत्रास लागत नसल्यामुळें पहिल्या क्षणीं वाक्य खरेंच वाटतें. हंसूं येतें तें पुढलें वाक्य सुरू झाल्यावर. विनोद जिवंत राहतो, पण तो थोडा उशिरा पोंचतो.

कवितेच्या बाबतींत मात्र मी यंत्रास अनुत्तीर्ण ठरवितों. ओवीचा चौथा चरण आंखूड असतो, आणि त्या आंखूडपणांतच तिची लय थांबते. यंत्र तो चरण ओलांडून पुढल्या ओवींत शिरतें. ऱ्हस्वदीर्घांचें मान न राखल्यामुळें मोरोपंतांची आर्या पायांत पाय अडकून पडते. कविता ऐकावयाची झाली म्हणजे मी अजूनहि नातीला हांक मारतों, आणि तेथें तिनें माया दाखविली तर माझी तक्रार नाहीं.

अलीकडे नवे यांत्रिक आवाज निघाले आहेत. पूर्वीचा आवाज गणितानें रचलेला, धातूसारखा. नवा आवाज मनुष्याच्या बोलण्याचे पुष्कळ नमुने अभ्यासून घडविलेला, गोड, भारदस्त, वाक्यागणिक चढउतार करणारा. ऐकणारा पहिल्याच दिवशीं त्यावर लुब्ध होतो. मीहि झालों होतों. परंतु हा आवाज अर्थ न जाणतां अर्थ जाणल्याचा अभिनय करितो. दुःखाच्या वाक्यावर सुखाचा हेल काढतो, आणि त्या हेलाच्या गोडीमुळें आपली फसगत झाली हें श्रोत्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. चांगला नट ग्रंथ वाचतो तेव्हां तोहि आपला अर्थ आपल्यावर लादतो, पण तो निदान त्याचा स्वतःचा अर्थ असतो. यंत्राच्या हेलामागें कोणीच नाहीं. म्हणून वर्तमानपत्र मी गोड आवाजांत ऐकतों, आणि ग्रंथ त्या जुन्या रुक्ष आवाजांत. रुक्ष आवाज निदान ‘अर्थ तुझा तूं लाव’ असें मोकळ्या मनानें सांगतो.

आणि येथेंच माझी कबुली देण्याचें स्थळ आलें. स्नेह्याचा प्रश्न मीं मनाला लावून घेतला. यंत्राची गति वाढवितां येते. सराव झालेले श्रोते मनुष्याच्या बोलण्याच्या दुप्पट तिप्पट वेगानें ऐकतात. मलाहि तो सराव झाला होता, आणि त्याचा थोडा अभिमानहि झाला होता. डोळे होते तेव्हां आठवड्यास एक ग्रंथ होई. आतां दोन होऊं लागले. त्या भरांत एका नव्या लेखिकेची लहानशी कादंबरी मीं दोन बैठकींत ऐकून संपविली, आणि तिच्यांत घटना नाहींत, ती संथ आहे, असा शेरा मारून मोकळा झालों. पत्रानंतर तीच कादंबरी मीं मनुष्याच्या बोलण्याच्या गतीनें, रोज एक प्रकरण, अशी पुन्हा ऐकली. तिचें सर्व सौंदर्य तिच्या विरामांत होतें, आणि ते विराम मीं वेगाखालीं चिरडले होते. दोष माझ्या डोळ्यांचा नव्हता, यंत्राचाहि नव्हता. मी आंधळा नाहीं हें स्वतःला पटवून देण्याची जी घाई झाली होती, तिचा होता. त्या लेखिकेस मीं खासगी पत्र लिहिलें आहे. परंतु शेरा जाहीर होता, म्हणून त्याची माघारहि जाहीर असली पाहिजे. ती मी येथें घेतों.

माझ्या दोषानंतर इतरांच्या दोषाकडे बोट दाखविण्याचा थोडा अधिकार मला प्राप्त झाला असें समजतों. यंत्र कितीहि सुधारलें तरी तें अक्षरें वाचतें, अक्षरांचें चित्र नव्हे. चित्र पुढें आलें म्हणजे त्यास आधीं अक्षरें ओळखण्याची खटपट करावी लागते. जगांतील लिप्यांना एकच संकेत देणारी युनिकोड पद्धति १९९१ सालीं निघाली, आणि देवनागरीला तिच्यांत आरंभापासून स्थान आहे. तरीहि पुष्कळ मराठी मजकूर त्यानंतरच्या काळांतहि अशा टंकांत जुळविला गेला कीं, पडद्यावर देवनागरी दिसावी आणि आंत मात्र रोमन चिन्हें असावीं. यंत्र तीं रोमन चिन्हें इमानानें वाचतें, आणि तुकोबांचा अभंग अर्थहीन इंग्रजी बडबड होऊन कानांवर आदळतो. एका प्रकाशकाकडे मीं एका ग्रंथाचा मजकूर मागितला, तेव्हां त्यांनीं मोठ्या सौजन्यानें प्रत्येक पानाचें छायाचित्र काढून पाठविलें. मूळ अक्षरें त्यांच्याच संगणकांत पडून होतीं. यांत दुष्टावा मुळींच नव्हता, कल्पना नव्हती.

कायद्याची अडचण आतां उरलेली नाहीं. २०१२ सालच्या दुरुस्तीनें भारतीय स्वामित्वहक्काच्या कायद्यांत अपंगांसाठीं ग्रंथाचें सुलभ रूपांतर करण्याची मुभा मिळाली. याच कामासाठीं २०१३ सालीं माराकेश येथें आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यास २०१४ सालीं मान्यता देणारें पहिलें राष्ट्र आपलें होतें. २०१६ सालीं ‘सुगम्य पुस्तकालय’ हें संगणकीय ग्रंथालय सुरू झालें. दार उघडें आहे. आंत मराठी ग्रंथ किती न्यावयाचे हें मराठी प्रकाशकांनीं आणि ग्रंथसंग्रहालयांनीं ठरवावयाचें आहे. त्यांना वेगळा खर्च फारसा नाहीं. ग्रंथ युनिकोडमध्यें जुळवावा, त्याच्या प्रकरणांना मथळ्यांच्या खुणा द्याव्या, चित्र असेल तेथें दोन ओळींचें वर्णन लिहावें, आणि मागणाऱ्यास मजकूर द्यावा, एवढेंच पुरे. ज्या घरांत म्हातारे आईबाप आहेत अशा प्रत्येक वाचकाचाहि यांत संबंध आहे. कारण डोळे म्हातारपणीं थकावयाचेच, आणि पुस्तकाचें कपाट बंद झालें म्हणजे मनुष्याचा निम्मा संसार बंद होतो.

तेव्हां या नव्या वाचकाविषयीं माझा निकाल असा. तो रसिक नाहीं आणि त्याला रसिक बनविण्याच्या खटपटींत सध्यां तरी फसवणूकच अधिक आहे. तो अशुद्ध बोलतो, पण कांहीं गाळीत नाहीं. कवितेच्या दारांत त्याला उभें करूं नये. गद्याच्या घरांत त्याला खुशाल आणावें, मात्र त्याला पळवूं नये. माझ्या स्नेह्यालाहि मीं उत्तर धाडलें आहे. पुढील परीक्षण लिहीन तें ग्रंथ दोनदां ऐकून लिहीन, असें त्यांत कळविलें, आणि तें पत्र पाठविण्यापूर्वीं यंत्राकडून एकदां वाचून घेतलें. त्यांतलें प्रत्येक ‘नाहीं’ त्यानें नेहमींप्रमाणें नाकांतच वाचलें.